त्यांनी 'अव्वा'चं 'आई' केलं

या गोष्टीला काही वर्षं झाली, तरी सांगायला बसले की माझा आवाज चढतो. ऐकणारा म्हणतो, "एवढं काय त्यात? शब्दच तर बदलले." तिथं तर मी आणखीच पेटते.

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी डिझाइनचा पदवी कोर्स करत होते. तिसऱ्या वर्षाला स्टुडिओचा मोठा प्रकल्प असायचा. विषय सरांनीच दिला होता, 'माझी सांस्कृतिक ओळख'. प्रत्येकानं आपली ओळख पोस्टरमधून मांडायची, शेवटी त्याचं प्रदर्शन भरणार. पहिल्याच दिवशी फळा भरून गेला. चप्पल, कुस्ती, तांबडा-पांढरा, गूळ, साज, पन्हाळा. मुलं हात वर करायची, सर लिहून घ्यायचे. माझ्यापर्यंत आले तेव्हा मी म्हटलं, "सर, आमचं बोलणं."

"म्हणजे?"

"आम्ही घरी बोलतो ते. अक्षरांत काढायचं."

सर खूश झाले. "भारी! चपला पाहून पाहून डोळे दुखायला लागलेत. कर तू हे."

हे सांगायला हवं, कारण पुढं जे घडलं ते कुणा परक्या माणसानं केलं नाही. सर बिद्रीजवळच्या गावातले. मुंबईला शिकून, तिथं नोकरी करून परत आलेले. वर्गात पुस्तकातलं मराठी बोलायचे, पण घरून फोन आला की व्हरांड्यात जाऊन "व्हय की, उसाला तोड आली न्हवं? मग पाणी कशाला सोडतासा?" असं मोठ्यानं चालायचं. आम्ही आत बसून हसायचो, प्रेमानंच. मला वाटायचं, हा माणूस आपला आहे.

माझं घर गडहिंग्लजच्या पलीकडं, कर्नाटकच्या अंगाला. आम्ही शेती करणारे जैन. घरात ऊस, चार म्हशी, आणि बोलण्यात मराठी नि कन्नड यांचा काला. आजोबांना अज्जा म्हणायचं, थोरल्या बहिणीला अक्का आणि आईला अव्वा. 'आई' हा शब्द मी पहिल्यांदा शाळेच्या पुस्तकात पाहिला. शिवाय आमच्याकडच्या बाया स्वतःबद्दल बोलताना 'मी गेलो, मी आलो'च म्हणतात. इथं लिहिताना मी 'गेले' लिहितेय, घरी गेले की माझं आपोआप 'गेलो' होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी एका बाईंनी भर वर्गात विचारलं होतं, "तू मुलगी आहेस ना गं?" सगळा वर्ग हसला. त्या हसण्याचं उत्तर द्यायची जागा मला या प्रकल्पात दिसली.

सत्रभर मी राबले. गडहिंग्लजच्या स्टँडवर, बाजारात, डेअरीच्या रांगेत उभी राहून लोकांचं बोलणं टिपलं. ते कॉम्प्युटरवरच्या तयार अक्षरांत बसेना. तयार अक्षरं शहाण्या मुलासारखी ओळीत उभी राहतात, आणि आमच्याकडं कुणी ओळीत बोलत नाही. मग कुंचला घेतला. 'या की पावणं' हे लांबून मारलेल्या हाकेसारखं काढलं, 'की' सगळ्यांत मोठा. 'न्हाय' असं काढलं की दार आपटल्यासारखं वाटावं. अव्वाचं एक वाक्य होतं, 'मी बाजारला गेलतो'. ते डोक्यावर पाटी घेऊन चाललेल्या बाईच्या चालीत हलतंय असं जमवलं.

आणि शेवटचं पोस्टर 'अव्वा'. पदर खोचलेली, गवताचा भारा घेऊन बांधावरून येणारी बाई लांबवर बारीक दिसतेय आणि पुढं भलंमोठं अक्षर, बांधाच्या अलीकडून कुणीतरी हाक मारल्यासारखं. त्या 'व्वा'साठी किती कागद वाया गेले त्याला गणती नाही. सरांनीच एकदा शेजारी बसून सांगितलं, "तोंड बंद वाटतंय. हाक मारताना तोंड उघडतं ना? पोकळी मोठी कर." मी केली आणि अक्षर खरंच ओरडायला लागलं. त्या दिवशी आनंदात मी जेवायचंच विसरले.

प्रदर्शनाआधी सरांनी सगळ्यांकडून फायली घेतल्या. एकाच प्रेसमधून एकाच मापात छापायचं ठरलं होतं. मराठी भाषेच्या एका कार्यक्रमाला जोडून प्रदर्शन ठेवलेलं, पाहुणे मुंबईहून येणार होते. मी घरी फोन केला, "अव्वा, तुझं चित्र लागणार हाय. ये."

ती कधी कॉलेजात आली नव्हती. दुपारच्या एसटीनं आली. इस्त्रीचं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी. मी तिला घेऊन हॉलमध्ये शिरले. तोवर मीही छापलेलं काही पाहिलं नव्हतं.

भिंतीवर माझं नाव दिसलं. त्याखालची पोस्टरं माझी नव्हती.

रंग माझे, चित्रं माझी. अक्षरं सगळी काढून टाकलेली. त्यांच्या जागी सरकारी पाटीवर असतात तसली गुळगुळीत तयार अक्षरं. 'या की पावणं'चं झालं होतं 'या पाहुणे'. 'न्हाय'चं 'नाही'. 'मी बाजारला गेलतो'चं 'मी बाजाराला गेले होते'. आणि शेवटच्या पोस्टरवर, बांधावरून येणाऱ्या माझ्या अव्वाच्या पुढं, 'आई'.

अव्वा चौथी शिकलेली. तिनं एकेक अक्षर लावून वाचलं आणि माझ्याकडं वळली.

"हे कुणाचं चित्र?"

"तुझंच."

"मग आई कोण हाय?"

ती परत चित्राकडं बघून म्हणाली, "भारा माझाच दिसतोय. पर मला आई म्हणून कोण हाक मारतंय? तू तर कवाच मारली न्हाईस."

मी तिला खुर्चीवर बसवलं आणि सरांना शोधत गेले. ते दारापाशी हारांची व्यवस्था बघत होते.

"सर, माझी अक्षरं कुठं गेली?"

"हां, ते सांगायचं राहिलं." त्यांनी मला बाजूला घेतलं. "थोडं प्रमाण करून घेतलं. कार्यक्रम भाषेचा आहे. भिंतीवर 'गेलतो' लावलं तर लोक म्हणतील, मुलांना साधं व्याकरण येत नाही."

"सर, प्रकल्प त्याचाच होता. तुम्हीच होय म्हणालात."

"वर्गात ठीक आहे गं. हे बाहेर जाणार."

"आणि अव्वा? ती चूक आहे?"

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "तो कन्नड शब्द आहे. सीमेचं प्रकरण तुला माहीत आहे. मराठीच्या कार्यक्रमात कुणी उठून बोललं तर विभागानं काय उत्तर द्यायचं?"

"माझी आई तिथं बसलीय सर. ती कुठल्या प्रकरणात नाही. तिला आम्ही अव्वा म्हणतो, एवढंच."

"हे बघ, मीही खेड्यातलाच. मी काय फोनवर पुस्तकातलं बोलतो? पण फोनवर बोलायचं वेगळं आणि भिंतीवर लावायचं वेगळं. हे समजायला मला मुंबईत फार ऐकून घ्यावं लागलं. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून करतोय."

त्यांचा स्वर खरा होता, हे मी नाकारत नाही. त्यांना कुणीतरी हसलं असेल, ते त्यांना लागलं असेल. पण जे त्यांच्या बाबतीत झालं ते आता माझ्या भिंतीवर कशाला? आणि मला विचारायलाही नको? माझं काम, माझं नाव, माझ्या घरातलं माणूस! घरात येऊन कुणी तुमच्या आईचं नाव बदलून गेलं तर तुम्ही त्याचे आभार मानाल का?

मी स्टुडिओत गेले. कपाटात मूळ कागद होते, कुंचल्यानं काढलेले. वर्गातली माझी मैत्रीण तिथंच होती, कोल्हापूर शहरातली, चपलेची पोस्टरं केलेली. माझं तोंड बघून तिनं विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "टेप कुठाय?"

आम्ही दोघींनी हॉलमध्ये जाऊन छापील पोस्टरांवर मूळ कागद चिकटवायला सुरुवात केली. ती कागद धरायची, मी टेप लावायचे. लोक बघत होते, कुणी आडवं आलं नाही. 'न्हाय' लागलं. 'गेलतो' लागलं. 'अव्वा'चा कागद वर धरला तेव्हा खुर्चीवरून अव्वा उठली, जवळ आली, म्हणाली, "हां. आता कसं!" आणि खालचं टोक तिनं धरलं.

तेवढ्यात सर आले. ओरडले नाहीत. शांतपणे टेप सोडवायला लागले. मी त्यांचा हात धरायचा तेवढा बाकी ठेवला. "सर, सगळंच काढा मग. माझं नाव पण काढा."

"तमाशा करू नकोस. पाहुणे खाली आलेत."

"मग राहू दे तसंच."

त्यांनी 'अव्वा' काढून गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली. बाकीचं काढायला त्यांना वेळ मिळाला नाही, पाहुणे आत आले. म्हणजे भिंतीवर दृश्य असं होतं: ओळीनं माझी अक्षरं, आणि शेवटी छापील 'आई'.

मला वाटलं होतं, पाहुणे तरी थांबतील. विचारतील. मी मनात उत्तर जुळवत होते. ते चपलेपाशी थांबले, "वा, कोल्हापूर!" म्हणाले, तिथं फोटो काढून घेतला आणि माझ्या भिंतीवरून मान हलवत पुढं गेले. ना त्यांना अक्षर दिसलं, ना त्याखालचं भांडण. ज्यांना खटकेल म्हणून माझ्या घरातला शब्द खरवडून काढला, त्यांनी तो वाचायची तसदीही घेतली नाही.

अव्वाला अंधार पडायच्या आत जेवायचं असतं आणि भाषणं संपेनात. मी तिला घेऊन बाहेर पडले. कॉलेजच्या बागेत बसून तिनं डब्यातली भाकरी खाल्ली. गुंडाळी शेजारी ठेवलेली. मी रडत होते, रागानं. ती म्हणाली, "मारामारी केलीस काय सराशी?"

"न्हाय. केली असती तर बरं झालं असतं."

"शिकीवतंय ना तो तुला?"

"चांगलं शिकवतोय, त्याचाच राग हाय."

तिनं शेवटचा घास घेऊन हात धुतले आणि गुंडाळी पिशवीत घालून म्हणाली, "ही मी न्हेतो. तुमच्यात कशाला ठेवायची?"

तिला बसमध्ये बसवून मी परत आले.

दुसऱ्या आठवड्यात विभागप्रमुख बाईंकडं लेखी तक्रार केली. त्यांनी सरांना आणि मला समोरासमोर बसवलं. बाई म्हणाल्या, सरांनी सांगायला हवं होतं, पण तूही शिस्त मोडलीस, दोघांचं फिटलं, विषय संपला. माझा विषय संपला नव्हता. मी म्हटलं, "मॅडम, निदान ते छापील काम माझ्या नावावर नको." बाईंनी मान डोलावली. शिस्तीचे गुण कापले गेले, ते गेले. नाव मात्र काढलं गेलं, एवढं एक मिळालं.

मी पास झाले आणि आता कोल्हापुरातच अक्षरांचं काम करते. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, दुधाच्या पिशव्या. गिऱ्हाईक कधी म्हणतं, "जरा शुद्ध करून टाका ओ." मी विचारते, "तुम्ही घरी काय म्हणता?" सांगतात. तेच लिहिते. काही निघून जातात.

मागच्या वर्षी एका कामासाठी कॉलेजात गेले होते. जिन्यावर, वळणावर, काचेच्या फ्रेममध्ये ते पोस्टर लावलेलं होतं. बांधावरची बाई, डोक्यावर भारा, पुढं गुळगुळीत 'आई'. खाली कुणा विद्यार्थ्याचं नाव नव्हतं, विभागाचं होतं. नाव काढा म्हटलं होतं मी, चित्र ठेवा कुठं म्हटलं होतं? दोन पोरी फ्रेमपुढं उभ्या राहून फोटो काढत होत्या. एक म्हणाली, "किती गोड आहे ना, एकदम आपली आई."

मी सरांच्या खोलीत गेले. ते होते. केस पिकलेले, मला बघून खरंच आनंदले, चहा सांगितला. मी बसले नाही. म्हटलं, "सर, जिन्यावरचं काढा. ती माझी अव्वा आहे."

ते म्हणाले, "विभागप्रमुखांना विचारतो."

"आता विभागप्रमुख तुम्हीच आहात ना?"

चहा आला, तो मी तसाच सोडला. आठवड्यानं मैत्रिणीला बघून यायला सांगितलं. पोस्टर अजून तिथंच आहे.