तूर, अंबाडी आणि काळा केक

मी चौथी शिकलो. पुढे चाळीस वर्षं विदर्भात गवंडीकाम केलं. माझी भिंत ओळंब्याबाहेर गेली असं कुणी म्हणून दाखवावं. आता अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडला मुलाकडे राहतो. इथल्या घरांच्या भिंती लाकडाच्या. त्यावर मी बोलत नाही.

मुलगा म्हणाला होता, "बाबा, बॅकयार्डात काही लावू नका, असोसिएशनवाले लेटर पाठवतात." मी लावलं. गावाकडून आणलेलं बी होतं, तुरीचं आणि लाल अंबाडीचं. इथली हवा गरम, दमट. दोन्ही कुंपणापेक्षा उंच झालं. डिसेंबरात तुरीला हिरव्या शेंगा आल्या, अंबाडीला लाल बोंडं. तेव्हा कुंपणापलीकडून एक बाई ओरडली, "गंगू! सोरेल!"

ती शेजारीण. जमैकाची, माझ्याच वयाची, हॉस्पिटलातून रिटायर झालेली नर्स. तिच्याकडे तुरीला गंगू म्हणतात आणि ख्रिसमसला ओल्या तुरीचा, नारळाच्या दुधातला भात लागतोच. अंबाडीची बोंडं आलं घालून उकळतात, रात्रभर मुरवतात. त्याचं लालभडक सरबत म्हणजे सोरेल. ते नसेल तर तिचा सण होत नाही. इतकी वर्षं बिचारी डब्यातले दाणे खात होती. मी टोपलीभर शेंगा काढून दिल्या. मी तिला ताई म्हणू लागलो, ती मला मिस्टर. बोलणं माझ्या नातीमार्फत. तिच्याकडचं मटण खाल्लं, हळद आणि मसाला ओळखीचा लागला. म्हणाली, तुमच्याच लोकांनी आमच्या बेटावर नेला, ऊस तोडायला गेले तेव्हा.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं मला स्वयंपाकघरात नेऊन एक बरणी दाखवली. काळ्या पाण्यात मनुका, चेरी, आलुबुखार भिजत घातलेले. "ख्रिसमस," म्हणाली, आणि बरंच काही सांगितलं. नात सोबत नव्हती. मी मान हलवली. मुरांबा मुरतो तसं काहीतरी असणार, असं मनाशी ठरवलं.

डिसेंबरात त्याचा काळा केक आला, पत्र्याच्या डब्यातून. असा ओलसर, जड केक मी जन्मात खाल्ला नव्हता. जिभेला थोडा चटका बसायचा, मला वाटलं लवंग असेल. रविवारी आमची माणसं वंदनेला आमच्याकडे जमली. वयानं मोठा म्हणून पंचशील मीच म्हणतो, बाकीचे मागून म्हणतात. वंदना झाली, चहाबरोबर मी आपल्या हातानं केक वाटला. एक डॉक्टर होते, नागपूरचे. त्यांनी घास घेतला आणि माझ्याकडे बघत राहिले.

"काका, आत्ताच पाचवं शील दिलंत आणि लगेच रम पाजलीत?"

सगळे हसले. माझी सूनसुद्धा.

ते शील, दारूला न शिवण्याचं, मी पंधराव्या वर्षी घेतलं. वडील दारू पिऊन रस्त्यात पडायचे, आई आणि मी त्यांना उचलून आणायचो. मला दारूचा वास माहीत होता तो मोहाच्या दारूचा. रमचा कुठून असणार?

त्याच दिवशी मी डबा रिकामा तिच्यासमोर दारात ठेवून आलो. आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत. तिला ते माहीत नव्हतं, पण माझं तोंड बघून जे कळायचं ते कळलं.

वर्षभर बोललो नाही. फसवलं, असं म्हणत राहिलो. पुन्हा डिसेंबर आला, तूर शेंगांनी लगडली. नात म्हणाली, "आजोबा, शी बॉट कॅन्ड पीज अगेन."

"खाऊ दे."

"यू आर सो मीन, आजोबा."

मी शेंगा तशाच ठेवल्या. मग एका सकाळी पाहिलं तर खालच्या शेंगा पिवळ्या पडायला लागल्या होत्या. आणखी आठवड्यात डाळीच्या कामाच्या, भाताच्या नाही. मी झाडाजवळ उभा राहिलो. तिनं फसवलं कुठे? बरणी उघडून दाखवली होती. मी चौथी शिकलेला माणूस. साहेबांनी नकाशा दाखवला की न कळता मान हलवायची, मग एकटा बसून डोकं लावायचं, असं चाळीस वर्षं केलं. विचारलं तर कमीपणा. तीच मान मी तिच्यापुढे हलवली होती.

टोपली भरली, अंबाडीची बोंडं वर रचली, नातीला सोबत घेतलं.

ताईनं दार उघडलं. टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "यू लेट, मिस्टर."

मी नातीला म्हटलं, "हिला सांग, त्या दिवशी बरणीतलं मला कळलं नव्हतं. तरी मी मान हलवली. चूक माझी." एवढं बोलायला मला भिंत बांधण्याहून जास्त वेळ लागला. नातीनं एका वाक्यात उरकलं. ताईनं दोन खुर्च्या मांडल्या, मध्ये परात ठेवली आणि आम्ही शेंगा सोलायला बसलो. तिचा हात माझ्याहून जलद चालतो, हे मी मान्य करणार नाही.

सोलता सोलता तिनं केकची ताटली आणि सोरेलचा ग्लास पुढे केला.

"ताई, यात काय आहे?" मी विचारलं.

"रम."

"मग नको." ग्लासाकडे बोट केलं. "यात?"

"रम," ती म्हणाली आणि खो खो हसली. "इट्स ख्रिसमस, मिस्टर!"

मग उठून तिनं माझी बोंडं धुतली, आलं ठेचलं, पातेलं चढवलं. उद्या ये, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर दोन बाटल्या होत्या. एकीच्या गळ्याला लाल रबर बँड. ती माझी, हे न सांगताच समजत होतं. तरी ग्लास हातात घेऊन मी विचारलंच, "ताई, यात काय आहे?"

तिनं बोटांवर मोजून दाखवलं. आलं, लवंग, साखर आणि तुझी अंबाडी.

मग प्यालो.