अडतीस पायऱ्यांचा रोबो

बाइंडरबाईंचा उजवा हात मोडला तो स्टुलावरून पडून, आणि स्टुलावर त्या चढल्या होत्या जावयाच्या खोक्यांवरची धूळ पुसायला. हे त्यांनी जावयाला कधी विसरू दिलं नाही. एवढं झाल्यावर त्या खोक्यांवर आपलाही थोडाफार हक्क पोचतो, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, आणि पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

बाई म्हणजे साधी असामी नव्हे. चौतीस वर्षं त्यांनी बाइंडिंगच्या कारखान्यात काढलेली. भिजलेलं, कुरतडलेलं, पाठ तुटलेलं पुस्तक त्यांच्याकडे यायचं आणि नवऱ्या मुलासारखं सजून परत जायचं. जुना पुठ्ठा सोडवून पुन्हा असा बसवायच्या की पुस्तकाच्या मालकालाही पत्ता लागू नये. निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आल्या, तेव्हाही खळीचा ब्रश, पातळ सुऱ्या, दाभण आणि सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची पितळी टोपी असा सगळा संसार पत्र्याच्या डब्यात घालून आल्या. आणि आता प्लास्टर निघालं तर बोटं वळायलाच तयार नाहीत!

हाताचे व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एक पिवळा रबरी चेंडू दिला. "आजी, रोज दोन तास दाबायचा. दोन महिन्यांत मूठ मिटली नाही तर ऑपरेशन. आणि त्यानंतरही सुई धरता येईलच असं मी सांगू शकत नाही."

बाई घरी आल्या त्या एकाच विचारात. सुई धरता येणार नाही, मग दिवसभर करायचं काय? भिंतीकडे बघत बसायचं? लेकीला त्या यातलं काही बोलल्या नाहीत. चेंडू मात्र त्यांना डोळ्यांसमोर नकोसा झाला. दाबला की दबतो, सोडला की फुगतो. त्यात ना डोकं, ना गंमत.

आता जावईबापू. माणूस सालस, चष्म्याच्या दुकानाचा मालक, दिवसभर लोकांच्या नजरेतले दोष काढणारा. नाद एकच. परदेशातल्या कुठल्याशा एकाच दुकानात मिळणारे, दुमडून-वळवून गाडी, विमान, नाहीतर क्रेन होणारे खेळण्यातले रोबो. ओळखीतलं कुणी विमानात बसलं की जावईबापूंची यादी त्याच्या खिशात गेलीच म्हणून समजा. असे एक्केचाळीस रोबो बैठकीच्या खोलीतल्या कपाटात होते, आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बंद खोक्यांत. दोन्ही टोकांना दुकानाची पारदर्शक गोल सीलं. सील तुटलं की खोकं मेलं, असा हा नाद असलेल्या मंडळींचा कायदाच होता.

"उघडून बघितलंच नाही, तर आत खेळणं आहे कशावरून?" बाईंनी एकदा विचारलं होतं. "विटा भरल्या असतील तर?"

"आई, तुम्हाला नाही कळायचं," जावई म्हणाला.

तर एके दुपारी लेक आणि जावई कामावर गेल्यावर बाई चेंडू दाबत कपाटासमोर बसल्या होत्या. मधल्या खोक्याच्या पाठीवर रोबोची क्रेन कशी करायची त्याची चित्रं छापलेली. अडतीस पायऱ्या. हा खांदा आत ढकला, ती पाटी फिरवा, बारीक कडी चिमटीत धरून ओढा. बाईंनी चित्रं नीट पाहिली. मग आपल्या बोटांकडे पाहिलं. मग चेंडू दिला सोफ्याखाली भिरकावून.

सील उघडणं म्हणजे त्यांना हातचा मळ. लेकीच्या हेअर ड्रायरची जरा ऊब दिली, डाव्या हातानं पातळ सुरी सरकवली, सील अलगद सुटलं. आतल्या कागदी दोऱ्यांच्या गाठी सोडवल्या आणि रोबो टेबलावर उभा केला. पहिल्या दिवशी दोन तास झगडल्या, घामाघूम झाल्या, आणि तरी क्रेनला एक पाय उरलाच. "थांब मेल्या, बघते तुझ्याकडे," असं म्हणून त्यांनी त्याला पुन्हा बांधून, सील चिकटवून जागेवर ठेवलं.

मग ते रोजचंच झालं. तीन आठवड्यांत अडतीस पायऱ्या पंधरा मिनिटांवर आल्या. अंगठा वळला, तर्जनी वळली, मधलं बोटही हो-ना करत वाकायला लागलं. डॉक्टरीणबाई चेंडूचं कौतुक करत होत्या आणि बाई साळसूदपणे मान डोलवत होत्या.

अशात एक दिवस जावयाच्या दुकानातली वीज गेली आणि तो भर दुपारी घरी आला. जिन्यात पावलं वाजली. बाईंनी कसाबसा रोबो आत कोंबला, दोऱ्या बांधल्या, सील चिकटवलं, आणि तो दार उघडतो तोवर जांभया देत सोफ्यावर आडव्या. संध्याकाळी डबा आवरताना पाहतात तर कड्या टोचू नयेत म्हणून रोज बोटात घालत ती पितळी टोपी गायब! उशीखाली नाही, सोफ्याखाली नाही. तिथे फक्त तो चेंडू.

टोपीचा पत्ता रविवारी लागला. दर रविवारी जावई एकेक खोकं कानाशी धरून हलकेच हलवून बघायचा. आतलं सगळं घट्ट बांधलेलं, आवाज येता कामा नये. मधलं खोकं त्यानं हलवलं.

खुळ्ळ.

बाईंच्या हातातला चहाचा कप तिथेच थांबला. आता आपलं काही खरं नाही! पण जावयाचा चेहरा तर उजळत चालला होता.

"सोनेरी तलवार!" तो लेकीला ओरडून सांगायला लागला. "कारखान्याच्या चुकीनं चारपाच खोक्यांत जास्तीची सोनेरी तलवार पडलीय म्हणतात. ती माझ्याकडे आली!"

"पाहिलीय कुणी ती तलवार?" लेकीनं विचारलं.

"उघडल्याशिवाय कशी पाहणार? आणि उघडल्यावर मग त्यात राहिलं काय?"

बातमी फुटली. पुढच्या रविवारी दातांचे डॉक्टर हजर. याच नादातले, आणि जावयाचे जुने प्रतिस्पर्धी. त्यांनी भिंगातून दोन्ही सीलं पाहिली, नखानं चाचपली, वास घेतला. "छे! याला माणसाचा हातसुद्धा लागलेला नाही," असा निकाल दिला. स्वयंपाकघरात बाईंना हसू आवरेना, आणि कामाचं कौतुक झालं म्हणून छातीही फुगली.

"माझी विमान होणाऱ्या रोबोंची अख्खी जोडी बरोबर आणलीय, ती घ्या," डॉक्टर म्हणाले, "आणि हे मला द्या. आत्ताच नेतो."

जावई विरघळला. ती जोडी त्याला सहा वर्षं हवी होती. तो खोकं उचलायला उठला तसं बाईंचं हसू पळालं. आता गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नाही, उलट जावयाचा फायदाच. पण रोबो गेला की हात गेला. तपासणी नऊ दिवसांवर, आणि शेवटची दोन बोटं अजून ताठ. बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"थांबा. ते खोकं मी रोज उघडते."

दोघंही हसले. "आजी, चेष्टा नको," डॉक्टर म्हणाले. "हे सील उघडलं की परत बसत नाही."

"बसत नाही? या, बघा तर."

जावई "आई, आई" करेपर्यंत ड्रायर सुरू झाला होता. सील सुटलं, गाठी सुटल्या, आणि पितळी टोपी टेबलावर पडून टणटणत डॉक्टरांच्या बुटापाशी गेली.

"ही तुमची सोनेरी तलवार," बाई म्हणाल्या. मग बसल्या जागी रोबोची क्रेन करून दाखवली आणि सीलही होतं तसं परत बसवलं. डॉक्टर पोट धरधरून हसले आणि आपली विमानं घेऊन घरी गेले. जावई हसला नाही. त्यानं सगळी खोकी कपाटात भरली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. "माझी लाज गेली, आई," एवढंच म्हणाला. मग अबोला.

बाईंना फार वाईट वाटलं. नऊ दिवस त्यांनी मुकाट्यानं चेंडू दाबला.

तपासणीला लेकीला रजा मिळेना, म्हणून जावई बरोबर आला, तोंड फिरवून खुर्चीत बसला. बाईंनी मूठ मिटायला घेतली. तीन बोटं मिटली. अनामिका आणि करंगळी बाहेरच राहिली.

"अहो, इतकं छान चाललं होतं, मध्येच थांबलं कसं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काय बंद केलंत?"

बाईंनी खाली मान घालून सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "आणखी दोन आठवडे देते. तेच करा. नाहीतर ऑपरेशनची तारीख घ्यावी लागेल."

घरी आल्यावर जावयानं कपाट उघडलं. क्रेनवालं खोकं बाजूला सारून अगदी वरच्या फळीवरचं, सगळ्यात मोठं खोकं काढलं. ते यायला चौदा महिने लागले होते.

"क्रेन तुम्हाला पाठ झालीय," तो म्हणाला. "याला बावन्न पायऱ्या आहेत. आणि करंगळी घातल्याशिवाय मागची कडी निघत नाही, असं लिहिलंय."

"अहो, थांबा! ड्रायर आणते, सुरीनं अलगद..."

टर्रकन आवाज झाला. सील फाटलं, बरोबर पुठ्ठ्याचा एक कोपराही आला. जावयानं डोळे गच्च मिटले होते. त्यानं एक डोळा उघडून आत पाहिलं, मग दुसरा उघडला, आणि तो खाली वाकून बघतच राहिला.

"विटा नाहीत ना?" बाईंनी विचारलं.

"नाही हो," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आई, पहिली पायरी मी करून बघू?"

बाई सरकल्या आणि त्याला शेजारी जागा करून दिली.