पडदाभर नाना

मागच्या रविवारपर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही – आणि तिला तर माझी लपवलेली बिडीसुद्धा सापडते.

धुळ्यातल्या एका छोट्या वाहिनीत मी व्हिडिओ एडिटिंग करतो. कापा, जोडा, पाठवा. आमच्या साहेबांचा एकच दंडक – पडद्यावर काळ्या पट्ट्या दिसता कामा नयेत. का? तर पट्ट्या दिसल्या की पार जामनेरपर्यंतचे लोक फोन करतात, टीव्ही बिघडला का हो म्हणून. मग जुन्या कॅसेटचं चौकोनी चित्र आलं की आम्ही काय करायचो? चित्राची कड धरायची आणि बाजूला ओढायची. पडदा भरला, काम संपलं. माणसं जरा जाड दिसायची. दिसू देत! माझ्या बापाचं काय जातंय?

बापाचंच तर सगळं आहे. माझ्या नाही, शोभाअक्कांच्या.

त्यांचे वडील, नाना, नरडाण्याकडचे शाहीर. भीमजयंतीला त्यांच्याशिवाय मंडप भरायचा नाही. अंगाने काडी, आवाज मात्र तीन गल्ल्या ओलांडणारा. शेवटच्या वर्षी मूत्रपिंडं गेली आणि नाना सुजले. इतके, की ओळखू येईनात. तेव्हा त्यांनी घरच्यांना बजावलं – या अवतारात मला कुणाला दाखवू नका. ते गेल्यावर आम्ही त्यांच्यावर कार्यक्रम करायचं ठरवलं. अक्का शिंदखेड्याला शिक्षिका. आजारपणाच्या कितीतरी आधीची कॅसेट त्यांनी शोधून आणली. घरात तेवढी एकच होती. मला म्हणाल्या, नाना होते तसे दिसू देत, भाऊ.

मी त्याही चित्राची कड ओढली. सवयीने – अर्ध्या मिनिटाचं काम.

कार्यक्रम लागला आणि दुसऱ्या दिवशी अक्कांचा फोन. नाना सुजलेले कसे दिसले, भाऊ? मी कड ओढल्यामुळे, हे मला लगेच कळलं हो! चूक माझी आहे, पुन्हा दाखवतो – एवढंच तर म्हणायचं होतं. पण साहेब शेजारीच बसलेले. मी काय म्हणालो? "कॅसेटच आजारपणातली असणार, अक्का. तुमचीच गफलत झाली."

 अक्का हळूच म्हणाल्या, असेल.

त्या चित्रात पेटीवालाही फुगला होता, मागे सूर धरणारे झिलकरीही फुगले होते. पण बापाकडे बघणारी मुलगी पेटीवाल्याकडे कशाला बघेल?

सात वर्षं! सात वर्षं ती बाई समजत राहिली, की नानांचा शेवटचा शब्द आपणच मोडला, तोही गावभर. कॅसेट कपाटात गेली, एकाही स्मृतिदिनाला बाहेर आली नाही. हे मला कळलं कसं? यंदा त्यांच्या शाळेच्या कार्यक्रमाचं शूटिंग करायला गेलो, तेव्हा त्यांनीच सांगितलं – वर मलाच चहा पाजत, नानांना ओळखणारा माणूस म्हणून. तो चहा मी पूर्ण प्यालो. आणि तेव्हाही मी गप्पच राहिलो. हे माझं दुसरं खोटं.

मागच्या रविवारी त्यांच्या घरी गेलो. कॅसेटवरून उतरवलेलं, न ओढलेलं मूळ चित्र माझ्याकडे होतंच – होतं, सातही वर्षं होतं! आधी तोंडाने सगळं सांगितलं. मग त्यांच्या टीव्हीवर लावलं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून. मधे नाना – काडीसारखे, हात वर, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. अक्कांची म्हातारी आई सरकत सरकत टीव्हीजवळ गेली, पडद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आते शेतस त्या."

आता आहेत ते.

अक्का खूप रडल्या.  बाहेर आलो तेव्हा माझी छाती मोकळी झाली होती – खोटं कशाला सांगू? आतून नानांचा आवाज पार रस्त्यापर्यंत येत होता. या वेळी चहा कुणी विचारला नाही.