डबा परत घेणारी मुलगी

आज सकाळपर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं — नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हांलाही सांगून टाकते, पुन्हा धीर व्हायचा नाही.

तुम्ही म्हणाल, शाळेतल्या पोरींची भांडणं, त्यात काय एवढं? मीही तसंच म्हणत आले — स्वतःलाच.

आमच्या तंजावुरात घरोघरी नुकता केबल टीव्ही येत होता, तेव्हाची गोष्ट. मी नववीत. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत खेड्यातून तुळजा राहायला आली, माझ्याच शाळेत आठवीत बसली. मी मोठी, म्हणून मला अक्का म्हणायची. घरी आम्ही मराठीच बोलायचो, तीही. शाळेत मात्र सगळ्या तमिळ बोलणाऱ्या, तिथं मी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. का? पोरी हसतील म्हणून. बस्स, एवढंच.

हसल्याच — तुळजाला. दुपारी चौघींनी तिचा डबा हिसकावला, तिच्या बोलण्याच्या नकला केल्या. ती धावत माझ्याकडे आली. "विजयाक्का, सांग ना गं यांना!" मराठीत.

मी — कसं सांगू? — मी तमिळमध्ये म्हणाले, "ही काय बोलते, मला कळत नाही." आणि त्यांच्याबरोबर हसले. आदल्याच संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून तिनं माझी वेणी घातली होती!

तुळजा रडली नाही. वळली, त्या चौघींतल्या एकीच्या हातातून डबा घेतला, तिथंच बसून जेवली. मग टीचरना जाऊन सगळं सांगितलं. माझं नाव तेवढं घेतलं नाही. संध्याकाळी घरी आली, तेव्हाही अक्काच म्हणाली मला.

पण खरी लाज पुढेच आहे. आज मी शिक्षिका आहे. दर जूनला नव्या वर्गाला सांगते — कुणी छळलं तर गप्प बसू नका, मोठ्यांना सांगा. दुसरीला कुणी छळताना दिसलं तर तिच्या शेजारी जाऊन उभे राहा. मग डबा परत घेणाऱ्या मुलीची गोष्ट सांगते. "मिस, ती मुलगी कोण?" पोरं विचारतात. मी म्हणायचे — मीच! टाळ्या पडायच्या हो. त्या मी घेतल्या, वर्षानुवर्षं.

आज पुन्हा तोच प्रश्न आला. तोंडातून निघून गेलं, "तिचं नाव तुळजा. मी हसणाऱ्यांत होते."

हुश्श! सुटले बाई एकदाची.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला बरं वाटलं.