मुलींसाठी काढलेली गाडी

आमचा फाटा पाथर्डीच्या अलीकडं. गाव आत, रस्ता सोडून बरंच आत. फाट्यावर एक चहाचं हॉटेल, एक पंक्चरवाला आणि माझं शिलाईचं दुकान. दुकान म्हणजे पत्र्याची टपरीच, पण मशीन मोटारीचं आहे. तोंड रस्त्याकडं असल्यामुळं येणारी-जाणारी प्रत्येक गाडी मला दिसते. शेजारी मोबाईल ठेवून मी बातम्या ऐकत शिवते. चार माणसं एकमेकांवर ओरडत असतात. देश कुठं चाललाय, याबद्दल प्रत्येकाला मत आहे. सकाळची एसटी आमच्या फाट्यावर का थांबत नाही, यावर कुणी बोललेलं मी अजून ऐकलं नाही.

कॉलेजच्या मुली सकाळी पास हातात धरून उभ्या राहायच्या. गाडी मागच्या गावांतूनच भरून यायची. ड्रायव्हर हातानं 'मागून येतीय' अशी खूण करून निघून जायचा, आणि मागून धुळीशिवाय काही यायचं नाही. बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा आम्हाला आनंद झाला होता. पण गाडी थांबलीच नाही तर अर्धं काय आणि पूर्ण काय!

त्या मुलींतली एक जण गाडीची वाट बघत माझ्या दुकानात येऊन बसायची. आई-बाप ऊसतोडीला जाणारे. दसरा झाला की अर्धं गाव ट्रॅक्टरमागं बसून निघून जायचं आणि ही आजीजवळ राहायची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. एकदा मी विचारलं, पुढं काय करणार?

"कारखान्यात प्रयोगशाळा असती काकू. रसात साखर किती हाय ते तिथं बघत्यात. मला तिथं लागायचंय."

"आन आई-बाप?"

"त्ये तोडत्याल. त्यांनी तोडलेल्या उसात साखर किती निघाली, ते मी सांगीन." एवढं बोलून ती स्वतःच लाजली.

तिच्या प्रॅक्टिकलला वारंवार खाडे पडायला लागले तेव्हा मी अर्ज लिहून आगारात गेले. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. पाणी दिलं, अर्ज वाचला.

"तुमच्या फाट्याला थांबा आहे की. गाडी थांबलीच पाहिजे."

"न्हाई थांबत, साहेब."

त्यांनी मला खिडकीजवळ बोलावलं आणि आवारात उभ्या असलेल्या गाड्या दाखवल्या. "दुरुस्तीचं सामान नाही म्हणून उभ्या आहेत. ज्या चालू आहेत त्यांत माणूस मावत नाही. मी ड्रायव्हरला काय सांगू, पोरींना टपावर बसव म्हणून?"

मी गाड्यांवरच्या पाट्या वाचत राहिले. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा नवीन नावाच्या पाट्या रंगवून झाल्या होत्या. गाड्या त्याच होत्या.

आमच्या मालकांकडं, म्हणजे माझ्या नवऱ्याकडं, एक जुनी जीप होती. बाजाराच्या दिवशी तिच्यातून भाजीपाला जायचा, बाकी दिवस दारात उभी. मी आगारातून आले ती रडकुंडीला आलेली. ते म्हणाले, "आपनच न्हेऊ की पोरींना. तू पुढं बसत जा, म्हंजी कुनाला बोलायला जागा न्हाई."

अशी ती गाडी सुरू झाली. फक्त मुलींसाठी. मोबाईलवर ग्रुप केला. गाडी कुठं आहे ते घरच्यांना त्यावर दिसायचं, ऊस तोडायला गेलेल्या आई-बापांनासुद्धा. मागच्या खिडक्यांना मी पडदे शिवले. डिझेल निघून थोडं हातात राहील एवढेच पैसे घ्यायचो. खरी सोय संध्याकाळची होती. शेवटच्या मुलीचं प्रॅक्टिकल संपेपर्यंत जीप कॉलेजच्या फाटकापाशी थांबायची. येताना मुली एवढी बडबड करायच्या की आमचे मालक म्हणायचे, "हॉर्नची गरजच न्हाई राहिली." माझ्या आयुष्यातले ते बरे दिवस. मी काहीतरी केलं असं तेव्हा वाटायचं.

त्याच दिवसांत नगरला महिला उद्योजिकांचं शिबिर झालं. बचत गटानं मला पाठवलं. व्यासपीठावर कोट घातलेले एक गृहस्थ नवनव्या व्यवसायांबद्दल सांगत होते. "लोकांची अडचण शोधा," ते म्हणाले, "अडचण तिथं धंदा." मी हात वर करून आमच्या जीपची गोष्ट सांगितली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वर बोलावून शाल घातली, फोटो काढला. हे मॉडेल राज्यभर गेलं पाहिजे, असं ते माईकवरून म्हणाले. खाली उतरल्यावर मी त्यांना गाठलं. "सर, परवान्याचं कसं करायचं? आमची गाडी खासगी हाय."

"तो प्रोसिजरचा भाग झाला, ताई. ते नंतर बोलू." पुढं त्यांनी माझा फोन उचलला नाही.

परवान्यासाठी आम्ही दोघं हिंडलो. खासगी गाडीत असे प्रवासी घेता येत नाहीत, हे कळलं. मग कुणी सांगितलं, कॉलेजनं पत्र दिलं तर मार्ग निघेल. प्राचार्यांकडं गेले. ते म्हणाले, "पत्र द्यायला हरकत नाही हो, पण उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

"आन न्हाई न्हेल्या आन काय झालं, तर कुनाची सर?"

"ते आमच्याकडे येत नाही," ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं विषय तिथं संपला.

परवान्याचं काही जमायच्या आत, दसऱ्याला थोडा अवकाश असताना, आरटीओच्या पथकानं आम्हाला पाथर्डीच्या तोंडाशी अडवलं. मुलींना उतरवलं. मालक कागद दाखवत होते, हात जोडत होते. तेवढ्यात शेजारून एक काळीपिवळी टॅक्सी गेली. आत माणसं कोंबलेली, मागं लटकलेली, टपावर दोघं.

"साहेब, ती बगा की," मालक म्हणाले.

साहेबांनी तिकडं बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "तिला परवाना आहे."

जीप घेऊन गेले. मी आणि मुली कडेकडेनं चालत कॉलेजपर्यंत गेलो. मालकांनी पुढं खूप खेटे घातले. जीप सुटली तेव्हा त्यांनी ती घरी आणलीच नाही, तिथूनच विकून टाकली. आता ते दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहेत.

जीप बंद झाली तशा मुली पुन्हा फाट्यावर उभ्या राहायला लागल्या. एका संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसणारी ती मुलगी वेळेवर आली नाही. फोन लागेना. तिचे वडील माझ्या दुकानापुढं येऊन उभे राहिले. तोडीला जायची तयारी चालली होती, म्हणून ते घरी होते. एसटी आली आणि नेहमीसारखी न थांबता गेली. अंधार पडल्यावर ती रस्त्यानं उलटी चालत येताना दिसली. दारापर्यंत गर्दीतून सरकता आलं नाही, म्हणून पुढच्या गावाला उतरली होती. मोबाईलची बॅटरी संपली होती. बाकी काही झालं नव्हतं, फक्त उशीर झाला होता.

वडील तिच्यावर ओरडले नाहीत. मला म्हणाले, "ताई, आज झालं न्हाई, उद्या व्हईल. आमी तिकडं उसाच्या फडात. हितं म्हातारी. हिला कुनाच्या जिवावर ठिवू?"

कालपरवापर्यंत मी छातीवर हात मारून म्हटलं असतं, माझ्या जिवावर ठेवा.

तोडीला निघायच्या आत त्यांनी तिचं लग्न उरकलं. मुलगाही तोडीलाच जाणारा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा तिकडचा हिशेब. टोळी नेणाऱ्या मुकादमाला जोडी लागते, एकटा माणूस चालत नाही. लग्नाची ब्लाउजं माझ्याकडंच आली. ती माप द्यायला आली तेव्हा मी टेप धरून उभी होते आणि मला तिच्या तोंडाकडं बघवेना.

"बाह्या लांब ठेवा काकू," ती म्हणाली. "उसाचं पाचट लई कापतं म्हनत्यात."

"परीक्षा तरी दे गं."

"तिथून कशी येऊ? आन आले तरी कॉलेजला कशानं जाऊ?" ती रागानं बोलत नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी बाह्या लांब शिवल्या.

बाकीच्या मुलींपैकी दोघींनी घरीच अभ्यास करून फक्त परीक्षेला जायचं ठरवलं. एक मावशीकडं राहायला गेली. उरलेल्या सकाळी उभ्या असतात. मध्ये एक जण म्हणाली, काकू, परत गाडी काढा ना. मी तिला नाही म्हटलं आणि उगाच मशीनचा दोरा बदलत बसले. पूर्वी मी अर्ज लिहायचे, भांडायचे. आता कुणाकडं जायचं तेच समजत नाही, कारण जिथं जावं तिथला माणूस आपल्या जागी बरोबर निघतो. चुकलं ते आमचंच, असं दर वेळी सिद्ध होतं.

उन्हाळ्यात तोडीची माणसं परत आली. तिची आई परकर शिवायला टाकायला आली होती. दुकानात जरा वेळ बसली.

"पोरगी बरी हाय," ती म्हणाली. "लई काम करती. सासू खूश हाय."

मी मान हलवली. परीक्षेचं न विचारता परकराचं माप वहीत लिहून घेतलं. तिनं कापड ठेवलं आणि पदर डोक्यावर घेऊन ती उन्हातून गावाकडं चालायला लागली.