नावं नसलेले डबे

पहाटे पाच वाजून पन्नास मिनिटांनी प्रफुल्लाबेन हरिया केसांवर जाळी चढवून मसाल्याच्या खोलीत वजनकाट्यापुढे उभ्या होत्या. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या या कारखान्यात रोज चाळीस हजार कांदाभजी तळली जातात. चेंडूसारखी गोल, चार-चारच्या पाकिटात बंद, दुपारी कुणीतरी ब्रेडमध्ये दाबून गारच खातं. प्रफुल्लाबेनच्या घरी त्यांना कुणी भजी म्हटलं नसतं.

एकवीस वर्षं त्या या भज्यांचा मसाला मिसळत होत्या आणि एकही भजं त्यांनी चाखलं नव्हतं. केनियातल्या थिकाचा जन्म, घर ओसवाल जैनांचं; कांदा-लसूण कधी तोंडात गेला नव्हता. मसाला त्या नुसत्या वासावर करत. पहिला घाणा निघाला की तळणीवरची डॉन नावाची बाई एक भजं खाऊन काचेतून अंगठा दाखवायची.

फळीवरच्या नऊ डब्यांवर नावं नव्हती. मॅनेजर नीलनं चिठ्ठ्या चिकटवायला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा प्रफुल्लाबेननी डोळे मिटून नऊच्या नऊ डबे हुंगून ओळखले. मग त्यानंच विषय सोडला आणि कुणी पाहुणे आले की त्यांच्यापुढे हा खेळ करायला लावू लागला.

जानेवारीत ताप आला आणि जाताना नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा येणार नाही. आता चिठ्ठ्या लावणं म्हणजे कबुलीजबाब देणं. त्यांनी डब्यांचा क्रम पाठ केला: डावीकडून तिसरा धनेपूड, चौथा जिरेपूड, पाचवा ओव्याची पूड; दिसायला सगळ्या सारख्याच. पाच महिने निभावलं. काल रात्रपाळीनं फळी धुतली आणि डबे पुसून हाताला येतील तसे परत लावले.

सव्वासहाला काचेपलीकडे अंगठा वर झाला नाही. डॉन भजं हातात घेऊनच आत आली.

"प्रफुल्ला, काय घातलंस गं यात? आमचे आजोबा छातीला मलम चोळायचे, तसलं लागतंय."

प्रफुल्लाबेननी भजं नाकाशी धरलं. मग तुकडा मोडून तोंडात टाकला.

"अगं, कांदा आहे त्यात."

"ठाऊक आहे."

मीठ लागलं. तिखट जिभेला झोंबलं, तेलाचा चटका बसला. पुढे काही नाही. भजं बिघडलंय की बरोबर आहे, हे खाऊनही कळेना.

डॉन त्यांच्याकडे पाहत राहिली. "कधीपासून?"

"जानेवारी."

"मला सांगायचंस ना, बये. मी हुंगलं असतं तुझ्यासाठी."

प्रफुल्लाबेन नीलकडे स्वतःच गेल्या.

तो ओरडला नाही. सकाळचा सगळा माल फेकायला सांगितला, त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. एका माणसाच्या नाकावर कारखाना चालवला ही चूक आपली, असं म्हणाला. त्यापेक्षा त्यानं झाडलं असतं तर बरं, असं त्यांना वाटलं. तयार मसाल्याची पोती मागवायचं वरून कधीचं सांगून ठेवलं होतं. आता तो मागवणार होता. नाक परत आलं तर, असं त्यांनी विचारलं. पोत्यांचा करार वर्षाचा असतो, तो म्हणाला.

दुपारी कपडे बदलायच्या खोलीत त्यांनी चूळ भरली. एकदा, दोनदा, मग मोजणं सोडून. तोंडाला कांद्याचा वास उरलाय का, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, आणि विचारावं असं जवळ कुणी नव्हतं. घरी परतताना देरासरापाशी, त्यांच्या जैन मंदिरापाशी, पावलं थबकली. आतून कुणीतरी "जय जिनेन्द्र, प्रफुल्लाबेन" म्हटलं. त्यांनी ओठ न उघडता हात जोडले आणि बाहेरूनच पुढे गेल्या.

कारखान्याच्या फळ्यावर उद्याची पाळी लागली आहे. मसाल्याची खोली: डॉन. पाकिटांना लेबलं चिकटवायचा पट्टा, क्रमांक तीन, सहा ते दोन: पी. हरिया.