आक्काचा न नोंदवलेला कागद

आक्का गेल्याचा निरोप घेऊन तिचा भाऊ मोशीहून सायकलवर आला, तेव्हा मी तांदूळ निवडत होते. "आक्का गेली," एवढंच म्हणून तो दारातच बसला. मी त्याला पाणी दिलं आणि पुन्हा सूप पुढ्यात घेतलं. चार दाणे निवडले असतील नसतील, मग हातच चालेना... त्याला आज पाच आठवडे झाले. मी पाचवीत शाळा सोडलेली बाई, छापायला कधी काही लिहिलेलं नाही. पण हे कुणाजवळ तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

पिंपरीला औषधांचा कारखाना निघाला, ह्यांना तिथं काम लागलं आणि चिपळूणकडची मी चिंचवडात येऊन पडले. घर तात्यांचं. पुढल्या दोन खोल्यांत तात्या आणि त्यांची दुसरी बायको, मधली आम्हाला भाड्यानं आणि मागल्या खोलीत आक्का, त्यांची पहिली. आक्काला मूल झालं नाही म्हणून तात्यांनी दुसरं लग्न केलं होतं, तशा लग्नाला कायद्यानं बंदी यायच्या आधीच. हे शिफ्टला गेले की मी भिंतीकडे तोंड करून रडायची. पलीकडून आक्काचा आवाज यायचा, "ए कोकणीण, रडतीस का भाकरी थापतीस? दोन्ही एकदम करू नगंस, पीठ खारट व्हईल!" माझं बाळंतपण तिनंच केलं. माझी आई येऊन पोचेपर्यंत बाळ बारा दिवसांचं झालं होतं. आईला ती म्हणाली, "उशीर केलासा विहीणबाई, बारसं उरकलं की!" स्वतःची कूस कधी उजवली नव्हती तिची, पण माझ्या बाळाला न्हाऊ घालताना तिचे हात जरासुद्धा अडखळले नाहीत.

दोघी सवतींची भांडणं वाढली, तेव्हा आक्काच्या भावानं चार जाणती माणसं बसवली. दसऱ्यानंतरची गोष्ट. तात्यांनी मुद्रांकाच्या कागदावर लिहून दिलं, की आक्का हयात असेपर्यंत मागली खोली तिची आणि वर्षाला दोन पोती बाजरी. खाली सही, साक्षीदारांचे अंगठे. आक्का तो कागद घेऊन माझ्याकडे आली. "वाच गं. समदं वाच, गाळू नगंस काही." मी वाचला. वर मुद्रांकाचं चित्र होतं, मागे विकणाऱ्याचा गोल शिक्का. मी म्हटलं, "सरकारी शिक्का आहे आक्का. आता कुणाची छाती नाही तुला हलवायची." माझ्या या एका वाक्यावर ती निर्धास्त झाली. लक्ष्मीपूजनाला तो कागद पाटावर मांडून त्याला तिनं हळदकुंकू वाहिलं, मलाही वाहायला लावलं. मीही भक्तिभावानं वाहिलं...

शिमग्याच्या सुमारास कळलं, की तात्यांनी घर विकायला काढलंय. कारखान्यामुळं खोल्यांना मागणी आली होती, पुण्याचं गिऱ्हाईक मिळालं होतं. आम्ही दोघी कागद घेऊन पुण्याला वकिलांकडे गेलो. त्यांनी कुंकवानं लाल झालेला कागद उलटून पाहिला. "नोंदवलेला नाही?" नोंदवणं म्हणजे काय, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "मुद्रांक म्हणजे नोंदणी नव्हे. चार महिन्यांच्या आत रजिस्ट्रारपुढं न्यायला हवा होता." मी मनात महिने मोजले. पाच झाले होते. वकील भले होते, समजावून सांगत होते. लग्नानंतर नवऱ्यानं बायकोला काही न घेता असं लिहून दिलं, तर कायदा ते मानतो. पण ते नोंदवलेलं हवं आणि मायेपोटी दिलेलं हवं. "मायेपोटी दिलं होतं का त्यांनी?"

आक्का म्हणाली, "माया आसती तर कागद कशाला लिवला आसता, साहेब?"

वकिलांनी कागदाची घडी घालून तो परत दिला. मग म्हणाले, सवत असल्यामुळं वेगळं राहून पोटगी मागायचा हक्क कायद्यानं आहेच, दावा लावू. आक्कानं मान हलवली. "त्यास्नी कोर्टात हुबं करू? न्हाई. ते न्हाई व्हायचं."

येताना मी तिचा हात धरून म्हटलं, "आक्का, माझं चुकलं गं." तर मलाच ओरडली, "गप! तू हुतीस म्हून काय लिवलंय ते तरी कळलं मला. न्हाईतर नुसतं कुकूच वाहत बसले आसते." घराचा व्यवहार झाला आणि पाडव्याच्या आधी ती भावाकडे मोशीला गेली. अन्नपाणी तुटलं होतं म्हणे तिचं. मी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा तिनं पहिलं विचारलं, "खोलीला कुलूप हाय का उघडी?"

मोशीला घाटावर, आक्काला अग्नी देताना, तात्या आले होते. ते असे रडले, की त्यांना दोघांनी धरावं लागलं. मला त्यांचा राग येत होता आणि मी बघतच राहिले. माया होती की मग... वकिलांनी विचारलं तेव्हा कुणालाच सांगता आलं नाही, पण होती. म्हणजे कमी पडली ती फक्त नोंदणी. आणि ती माझ्या एका वाक्यामुळं.

गेल्या आठवड्यात नव्या मालकाचा माणूस आला. मागली खोली रिकामीच आहे, हवी तर तुम्हीच घ्या म्हणाला. लेकरू रांगायला लागलंय, जागा लागतेच. ह्यांनी हो म्हटलं. त्यानं वहीतलं पान फाडून दोन ओळींची चिठ्ठी लिहून दिली. मी ती तीनदा वाचली. विचारलं, "हिला नोंदणी?" तो हसला, "बाई, एका खोलीला कसली नोंदणी!"

मुद्रांक नाही, साक्षीदार नाही, आणि खोली मला मिळाली. तिथल्या चुलीत आक्काच्या शेवटच्या स्वयंपाकाची राख अजून तशीच आहे. रोज झाडू घेऊन आत जाते आणि चुलीभोवतीचं तेवढं झाडून परत येते.